शिकवणीला जायला घाबरणारी मुलगी

प्रश्न : शेजारची नऊ वर्षांची मुलगी हल्ली शिकवणीला निघताना दाराची कडी घट्ट धरून रडते. ‘सर मांडीवर बसवतात’ एवढेच ती माझ्याजवळ बोलली. घरचे मात्र बदनामीच्या भीतीने गप्प आहेत. मी काय करावे?

उत्तर : तिची काहीही चूक नाही, हे तिला आधी सांगा, खोदून खोदून विचारू नका. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा (चाइल्डलाइन) फोन क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालतो.

दुसरे उत्तर : पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम १९ नुसार अशी माहिती असणाऱ्या कोणीही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग घरच्यांची संमती असो वा नसो. मुलीचा जबाब तिच्या घरीही, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवायचा असतो; तिच्या आईला हे जरूर सांगा, कारण पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचीच अनेकांना धास्ती असते.

प्रश्नकर्ती : आत्ताच फोन लावते.