ऑक्टाव्हिया आरएस देऊन छोटी, ॲव्हरेजवाली गाडी घ्यावी का?

टर्बोवेडा

मंडळी, जरा खरं खरं सांगा. माझ्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २४५ पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), ३७० न्यूटन-मीटर. गाडीबद्दल तक्रार शून्य, तक्रार आहे ती रोजच्या रस्त्याबद्दल. ऑफिस बदललं आणि हायवे सुटला. आता सगळा प्रवास सिग्नल ते सिग्नल. पहिला गिअर, दुसरा, ब्रेक, परत पहिला. मागच्या लेनमधला स्कूटरवाला पुढच्या सिग्नलला माझ्या शेजारीच उभा असतो, आणि तो हसतोय असं मला उगाचच वाटतं.

डिस्प्लेवर ॲव्हरेज लिटरला ८ किलोमीटरच्या आसपास घुटमळतंय. वर्षाचं रनिंग १२,००० किलोमीटर. बंपर घासेल, रिम वाकेल या धास्तीने घरातलं दुसरं कुणी गाडीला हात लावत नाही, ते वेगळंच.

डोक्यात दोन गाड्या आहेत. एक साधी स्विफ्ट, मॅन्युअल. माझ्या रस्त्यावर १६ देईल असं धरतोय. दुसरी फुल हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली छोटी हॅचबॅक, यारिस किंवा जॅझ यांच्यासारखी. ती २४ देईल असं धरू. मग सरळ तिप्पट ॲव्हरेजवालीच घ्यावी ना? की दोन-चार महिन्यांत कंटाळून परत मोठी गाडी शोधत बसेन? इलेक्ट्रिक सुचवू नका, पार्किंगमध्ये चार्जर बसवायची सोय नाही.

पाचवा_गिअर

विकू नका. गाडीची जी किंमत पडायची ती बरीचशी आधीच पडलीय. नवी घेतलीत की तो घसारा पहिल्यापासून सुरू, आणि सुरुवातीच्या वर्षांतच तो सगळ्यात जास्त असतो. पेट्रोलमध्ये वाचवलेलं तिकडे जाणार. रोजच्यासाठी बस-मेट्रो बघा, आरएस सुट्टीला काढा.

हळूचाक

पाचवा_गिअर यांचा घसाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून पुढचं सगळं वापरलेली छोटी गाडीसुद्धा चालेल असं धरून वाचा.

टर्बोवेडा, तुमचं गणित ॲव्हरेजमध्ये आहे, ते लिटरमध्ये करा. १२,००० किलोमीटरला ८ च्या हिशेबाने १,५०० लिटर लागतात. १६ ने ७५०. २४ ने ५००. म्हणजे आरएसवरून स्विफ्टवर आलात की ७५० लिटर वाचले, आणि स्विफ्टवरून हायब्रिडवर गेलात की आणखी फक्त २५०. उडी दोन्हीकडे ८ चीच दिसते, पण पहिली उडी दुसरीच्या तिप्पट भरते. डोळ्याला हे पटत नाही. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये नेमका यावरच लेख लिहिला होता: ॲव्हरेजचा आकडा जेवढ्याने वाढतो तेवढ्याच प्रमाणात इंधन वाचतं असं लोक धरून चालतात. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, त्यात ही फसगत होत नाही.

तेव्हा हायब्रिडचे जादा पैसे द्यायचे की नाही, हे त्या २५० लिटरसमोर ठेवून ठरवा. १,००० लिटर वाचणार म्हणून नको.

आता ८ का येतंय. तुमचं इंजिन वाईट नाही, ते बहुतेक वेळ रिकामं बसलेलं असतं. गर्दीत चालायला पाच-दहा पीएस पुरतात, तेवढ्यासाठी २४५ वालं इंजिन थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद ठेवून चालतं. थ्रॉटल बंद म्हणजे पिस्टनला निर्वातातून हवा खेचत बसावं लागतं, त्यातच बरीच ताकद जाते. स्विफ्टच्या १.२ लिटरच्या इंजिनाला त्याच वेगाला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणून तो तोटा कमी. वर तुमची गाडी दीड टनाच्या आसपास, स्विफ्ट हजार किलोच्या आत. प्रत्येक सिग्नलला ते वजन शून्यापासून ढकलायचं आणि मग ब्रेक लावून सगळं उष्णतेत घालवायचं.

हायब्रिड या शेवटच्या गोष्टीवरच बोट ठेवते. ब्रेक लावताना मोटर जनरेटर होते, ती ऊर्जा बॅटरीत जाते आणि सिग्नल सुटला की तीच गाडी हलवते. उभं असताना इंजिन बंद. म्हणून ती शहरात भाव खाते. हायवेवर ब्रेकच लागत नाही, तर परत मिळवणार काय? तिथे हवेचा रोध राज्य करतो. १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी वाढतो, गाडी कुठलीही असो.

टायरही धरा. तुमचे २२५/४० आर१८, म्हणजे रुंद आणि चपटे; छोट्या गाडीचे १८५/६५ आर१५ च्या घरातले, अरुंद आणि उंच बाजूचे. बदलायची वेळ आली की किमतीतला हा फरकही टोचतो. आणि छोट्या गाडीच्या टायरच्या त्या उंच साइडवॉलमुळे खड्ड्यात रिम वाकायची धास्तीही बरीच कमी.

टर्बोवेडा

हळूचाक, दंडवत! लिटरचं गणित डोक्यात लख्ख बसलं. म्हणजे स्विफ्टकडे पारडं झुकतंय. पण मजेचं काय? ८० च्या आसपास पीएस म्हणजे माझ्या गाडीचा तिसरा हिस्सा. कुणी खरोखर असं उतरलंय का वरून खाली?

घाटवेडी

मी उतरलेय. आधी दोन लिटर टर्बो हॅचबॅक होती, आता स्विफ्टच्याच जातकुळीतली छोटी मॅन्युअल आहे. पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच सांगते. पाय सवयीने दाबला जातो आणि काहीच होत नाही. टर्बोचा तो पाठीत बसणारा धक्का परत मिळणार नाही, त्याची वाट बघू नका.

पण जुन्या गाडीत दुसरा गिअर रेडलाईनपर्यंत (इंजिनाच्या फिरण्याच्या कमाल मर्यादेपर्यंत) नेला की वेगमर्यादा केव्हाच मागे पडायची. पेडलचा अर्धा प्रवास मी कधी वापरलाच नाही. आता तिसऱ्यात इंजिन चांगलं वर ओढते, गळा काढून ओरडतं, आणि काटा बघावा तर अजून कायद्यात! वळणाआधी दुसरा टाकायचा, आरपीएम जुळवून क्लच सोडायचा, नाक आत घालायचं. पुढे वजन कमी असल्याने ते पटकन आत येतं. टायर अरुंद, त्यामुळे पकड सुटायच्या आधी कुरकुर ऐकू येते, स्टिअरिंग हलकं पडतं. जुनी गाडी त्याच वळणावर इतकी शांत असायची की मला झोप यायची.

ओव्हरटेकचा मात्र विचार बदलावा लागतो. चार माणसं, सामान, एसी चालू, समोर चढ आणि ट्रक, अशा वेळी नुसता पाय दाबून भागत नाही. आधी गिअर खाली, मग जागा बघायची, आणि मनात शंका आली तर मागेच राहायचं. ज्याला हे जमत नाही त्याने एवढं खाली उतरू नये. त्याच्यासाठी मधली पायरी आहे: जिथे मिळते तिथे स्विफ्ट स्पोर्ट, १.४ टर्बोवाली, १४० पीएस आणि वजन हजार किलोच्या आतबाहेर. ॲव्हरेज साध्या स्विफ्टइतकं नाही, पण तुमच्या ८ च्या बरंच वर राहील.

हायब्रिड मीही चालवून पाहिली. गर्दीत ती सगळ्यात निवांत गाडी, वादच नाही. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये गिअरच बदलत नाहीत, प्लॅनेटरी गिअरवर, म्हणजे मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या छोट्या चक्रांवर सगळा खेळ. पाय दाबला की इंजिन एका सुरात भणभणतं आणि वेग मागून येतो. तुम्हाला डीएसजीच्या (दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकच्या) खटाखट गिअरची सवय, ते तुमच्या डोक्यात जाईल. माझ्या तरी गेलं.

पाचवा_गिअर

माझं मत 'विकू नका' हेच आहे, पण टेस्ट ड्राइव्ह घ्यायचीच असेल तर शोरूमच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर, तुमच्याच वेळेला, घरची माणसं बसवून, एसी लावून. सेल्समन कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि घरातल्या ज्यांनी आरएसला हात लावला नाही त्यांनाही चालवायला द्या. गाडी दोघांनी वापरली तर सगळा हिशेबच बदलतो.

टर्बोवेडा

हे शेवटचं आवडलं. बायकोने धागा वाचला आणि हायब्रिडच्या बाजूने मत नोंदवलंय, गिअर टाकायचा कंटाळा येतो म्हणे. त्या २५० लिटरपेक्षा हे मत जड आहे, त्यामुळे दोन्ही गाड्या चालवणार.

आता विकायचं बघतो. माझ्या गाडीत मोठा इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारा भाग) आहे आणि स्टेज १ रिमॅप आहे, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललीय. मूळ एअरबॉक्स माळ्यावर ठेवलाय. तसंच दाखवलं तर जास्त किंमत येईल का?

हळूचाक

उलट कमी येईल. रिमॅप ऐकलं की बहुतेक गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर पिळलेली गाडी येते. मूळ एअरबॉक्स बसवा, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग स्टॉक, म्हणजे कंपनीचं मूळ, करून घ्या, इनटेक वेगळा विका, त्याला वेगळं गिऱ्हाईक असतं. डीएसजीचं तेल बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात असेल तर तेच पान आधी उघडून दाखवा. आणि रिमॅप केलं होतं हे घेणाऱ्याला तोंडाने सांगा. स्टॉक केलं तरी फ्लॅश काउंटर (सेटिंग किती वेळा बदललं याची ईसीयूतली नोंद) वाचणारे वाचतातच.