मदत हवी आहे : मोफत ईमेलसाठी नवा डोमेन देऊन धंद्याला खरंच फायदा होतो का?

आमची छोटी मोफत ईमेल सेवा आहे, कमाई जाहिरातींवर. साधी, सुटसुटीत नावं कधीच संपलीत. नवीन माणूस स्वतःचं नाव टाकतो, 'उपलब्ध नाही' असं येतं, मग आडनाव, मग जन्मसाल, मग टिंब... आणि चौथ्या प्रयत्नाला तो पान बंद करून निघून जातो. नोंदींमध्ये हे रोज दिसतं आणि मनाला लागतं.

म्हणून @ च्या पुढे दुसरा डोमेन द्यायचा विचार आहे. याहूने २००८ मध्ये वायमेल आणि रॉकेटमेल हे पर्याय याच कारणासाठी खुले केले होते. रॉकेटमेल तर १९९७ मध्ये विकत घेतलेलं जुनंच नाव!

माझी खरी अडचण हिशेबाची आहे. नवे पत्ते नव्या लोकांनी घेतले तर उत्तमच. पण जुन्याच ग्राहकांनी चांगलं नाव अडवून ठेवायला दुसरं खातं उघडलं, तर जाहिराती बघणारे डोळे तेवढेच राहतील आणि साठवणुकीचा खर्च वाढेल. शिवाय स्पॅमवाले पहिल्याच दिवशी तुटून पडतील, आणि कोऱ्या डोमेनवरची पत्रं इतरांच्या स्पॅममध्ये जातील ही भीती वेगळीच.

कुणी हे केलंय का? नवा ग्राहक आणि जुन्याचं दुसरं खातं यातला फरक कसा मोजलात? सुरुवातीला नोंदणी फक्त निमंत्रणाने ठेवावी का? कृपया अनुभवाचं सांगा, निर्णय लवकर घ्यायचा आहे.