रायफलच्या नळीतील तांबे काढताना अमोनियायुक्त द्रावक किती वेळ ठेवावे?

प्रश्न (धागाकर्ता: खाच_आणि_पीळ)

माझ्या सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसांच्या) रायफलच्या नळीत गोळ्यांमुळे साचलेले तांबे काढण्यासाठी मी अमोनियायुक्त द्रावक वापरतो. नळी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असून तिला आतून क्रोमचा मुलामा नाही. माझी पहिली अडचण अशी की, कितीही चिंध्या फिरवल्या तरी प्रत्येक चिंधी निळीच निघते, त्यामुळे नेमके थांबायचे कुठे हे कळत नाही. दुसरी अडचण वेळेची आहे. बाटलीवर पंधरा मिनिटांपेक्षा अधिक काळ द्रावक नळीत ठेवू नये अशी सूचना आहे. परंतु एक जाणकार नेमबाज ते रात्रभर ठेवावे असे सांगतात, तर दुसऱ्यांच्या मते अमोनिया पोलादच खातो, तेव्हा त्याच्या वाटेलाच जाऊ नये. शिवाय जुनी लष्करी काडतुसे वापरल्यानंतर अमोनियाने नळी पुसली की वेगळे काही करावे लागत नाही, असेही ऐकले आहे. यातले खरे काय, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे.

उत्तर १ (धातुशास्त्र_हौशी)

निळ्या रंगापासून सुरुवात करतो, कारण वेळेच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. गोळीवरचे कवच बहुधा गिल्डिंग मेटलचे असते, म्हणजे नव्वद ते पंचाण्णव टक्के तांबे आणि उरलेले जस्त. अमोनिया एकटा या तांब्याला विरघळवू शकत नाही. आधी हवेतील प्राणवायू तांब्याचे ऑक्सिडीकरण करतो आणि मग तयार झालेल्या तांब्याच्या आयनांना अमोनिया धरून ठेवतो. त्या संयुगाचा रंग गडद निळा असतो. म्हणूनच नळी दोन्हीकडून बंद करून द्रावकाने काठोकाठ भरण्यापेक्षा पातळ थर लावून थोड्या थोड्या वेळाने ताजी ओली चिंधी फिरवणे अधिक परिणामकारक ठरते. शिवाय अमोनिया हा मुळात वायू आहे, तो उघड्यावर उडून जातो. रात्रभर ठेवलेल्या द्रावकातला अमोनिया निघून गेल्यावर मागे जे पाणी उरते, ते तांब्याचे काहीच करत नाही, पोलादाला मात्र गंज चढवते.

अमोनिया पोलाद खातो, हे विधान या रूपात बरोबर नाही. अमोनियाचे पाण्यातील द्रावण अल्कधर्मी असते आणि अशा माध्यमात पोलाद बरेचसे सुरक्षित राहते. कारखान्यांतून अमोनिया पोलादी टाक्यांतच साठवला जातो. या भीतीचे मूळ माझ्या मते जुन्या लष्करी मिश्रणात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १९०३ सालच्या अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफलमध्ये तांबे-निकेल मिश्रधातूच्या कवचाच्या गोळ्या वापरत, आणि त्यांचे नळीत बसणारे घट्ट गठ्ठे काढण्यासाठी तीव्र अमोनियात अमोनियम परसल्फेट मिसळत. परसल्फेट हे जोरकस ऑक्सिडीकारक आहे. ते मिश्रण नळीत सुकू दिले तर पोलादाला खड्डे पडत. आजच्या बाटलीतले द्रावक ते नव्हे, पण सुकू द्यायचे नाही हा नियम मात्र आजही तसाच लागू आहे. रात्रभराचा सल्ला बहुधा अमोनियाविरहित द्रावकांवरून आला असावा, कारण त्यांपैकी काही खरोखरच दीर्घकाळ ठेवण्यासाठी बनवलेली असतात. तुम्ही बाटलीवरचेच पाळा.

न संपणाऱ्या निळाईबद्दल एक शंका आहे. तुमचा जॅग (रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा) पितळेचा आणि ब्रश कांस्याचा आहे का? तसे असेल तर द्रावक नळीतल्या तांब्याबरोबर तुमची साधनेही विरघळवत आहे. जॅगवर द्रावकाचा एक थेंब ठेवा आणि काही मिनिटे वाट पाहा.

उत्तर २ (निवांत_नेमबाज)

वरील खुलाशाशी मी सहमत आहे. प्रत्यक्ष क्रमाबद्दल थोडे लिहितो, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथे होतो. सर्वप्रथम मॅगझिन काढून चेंबर (नळीचा काडतूस बसणारा मागचा भाग) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी आणि आसपास काडतुसे ठेवू नयेत. नळीत तांबे आणि काजळी यांचे थर एकावर एक बसलेले असतात आणि अमोनिया काजळी विरघळवत नाही. तेव्हा आधी काजळीचे द्रावक व ब्रश, मग कोरडी चिंधी, त्यानंतर अमोनिया, असे चालावे. निळाई थांबली असे वाटले तरी पुन्हा एकदा काजळीचे द्रावक फिरवून पाहा, खालचा थर उघडा पडून निळा रंग परत येणे अगदी सामान्य आहे. मात्र दोन द्रावके नळीत एकमेकांत मिसळू देऊ नयेत, मधे कोरडी चिंधी हवीच.

रॉड चेंबरकडून तोंडाकडे न्यावा आणि बोअर गाइड (रॉडला नळीत सरळ नेणारी मार्गदर्शक नळी) वापरावा. त्याने रॉड वाकून चेंबरपुढच्या भागावर घासत नाही आणि द्रावक ट्रिगरमध्ये व लाकडी दस्त्यावर ओघळत नाही. लाखेचे पॉलिश अमोनियाने पांढुरके पडते. ब्रश बाटलीत बुडवू नये, द्रावक त्यावर थेंबाने घालावे. शेवटी कोरड्या चिंध्या, मग अल्कोहोलची एक, आणि त्यानंतर तेलाचा हलका हात. पुढच्या वेळी नेम धरण्यापूर्वी ते तेल पुसून काढायला विसरू नये.

थांबायचे कुठे, याचा निर्णय चिंधीवर सोडू नका. नळीच्या तोंडाशी तिरपा प्रकाश पाडला की पीळदार खाचांमधल्या उंचवट्यांवर तांबूस रेघा स्पष्ट दिसतात. त्या गेल्या असतील आणि गोळ्यांचा गट नीट पडत असेल तर आणखी घासण्यात अर्थ नाही. पूर्ण तांबे काढलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या वेगळ्या जागी पडू शकतात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी असा उद्योग मी तरी करणार नाही.

उत्तर ३ (कोरडी_चिंधी)

लष्करी काडतुसांचा मुद्दा राहिला. जुन्या प्रायमरमध्ये (काडतुसातील दारू पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. मिठासारखाच तो हवेतील ओल धरून ठेवतो आणि नळी गंजवतो. अमोनिया त्याला निष्प्रभ करतो हा समज चुकीचा आहे; त्या द्रावणातील पाणी क्षार धुऊन काढते, श्रेय मात्र अमोनियाला मिळते. तेलाने क्षार हलत नाही. त्यासाठी आधी पाण्याने, शक्यतो गरम पाण्याने, नळी धुऊन पूर्ण वाळवावी आणि तांब्याचा विचार त्यानंतर करावा.

दुसरी गोष्ट काडतुसांच्या पुंगळ्यांची. ताण असलेल्या पितळेला अमोनियाच्या वाफा चिरा पाडतात. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत, त्याचे कारण घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया होते, आणि १९२१ मध्ये त्याचा नीट उलगडा झाला. चेंबर ओले ठेवून त्यात काडतूस घालू नये, तसेच द्रावकाची बाटली व काडतुसे एका कपाटात ठेवू नयेत.

काम खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे व चष्मा घालूनच करावे. ब्लीच त्या खोलीतसुद्धा नको. अमोनियाशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन हा विषारी वायू सुटतो.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. जॅगवर थेंब ठेवून पाहिला. पाच-सात मिनिटांत थेंबाच्या कडेने निळी रिंग उमटली आणि पुढे सगळा थेंब निळा झाला. नायलॉनचा ब्रश आणि निकेलचा मुलामा दिलेला जॅग घेणार आहे. जाता जाता एक विचारतो, .२२ रिमफायरसाठीही (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या छोट्या काडतुसांच्या रायफलसाठीही) हेच द्रावक चालेल का?

उत्तर १ (धातुशास्त्र_हौशी)

निकेलचा मुलामा झिजला की खालचे पितळ पुन्हा उघडे पडेल, तेव्हा ही थेंबाची चाचणी अधूनमधून करत राहा. .२२ साठी त्याचा उपयोग नाही. त्या गोळ्या बहुधा शिशाच्या असतात, काहींवर तांब्याचा नुसता पुसट मुलामा असतो, आणि अमोनिया शिशाला विरघळवत नाही. तिथे मेणचट काजळी काढणारे साधे द्रावक व चिंधी पुरते; शिसे चिकटलेच असेल तर ब्रशनेच काढावे लागेल.