अनुभव धागा : गोरेगावच्या मृणालताई

१७ जुलै हा मृणालताई गोरे यांचा स्मृतिदिन. २०१२ साली त्या गेल्या. त्यांची कारकीर्द बहुतेकांना माहीत आहे : १९५३ मध्ये गोरेगाव ग्रामपंचायत, १९६१ मध्ये मुंबई महापालिका, १९७२ मध्ये विधानसभा, १९७७ मध्ये लोकसभा, पुढे पुन्हा विधानसभा आणि विरोधी पक्षनेतेपद. ती इथे पुन्हा नको. त्यांच्यामुळे तुमच्या घरात, चाळीत, गल्लीत काय घडलं ते लिहा. भाषणं नकोत, आठवणी हव्यात.

निवृत्त शिक्षिका, गोरेगाव पश्चिम

आमच्याकडे पाणी म्हणजे पहाटेचा धंदा. सार्वजनिक नळावर आदल्या रात्रीच हंडे-कळश्यांची रांग लागायची. माणूस झोपायला घरी, नंबर धरायला भांडं. आईच्या कळशीच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली असे, कुणी पुढेमागे सरकवली तर कळावं म्हणून. त्याच कळश्या घेऊन बायका महापालिकेवर गेल्या. रिकामी कळशी वाजवली की केवढा आवाज होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मृणालताईंचं ‘पाणीवाली बाई’ हे नाव आज कौतुकाने घेतात. तेव्हा काही पुरुष ते नाक मुरडूनच म्हणायचे, हेही नोंदवून ठेवते.

गिरणी कामगाराचा मुलगा, सध्या कुडाळ

१९७२ चा दुष्काळ. रेशनवर मिळे ती लाल मिलो ज्वारी, तेलाला रांग, रॉकेलला रांग. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. पक्षांचं आपसात पटो न पटो, या बायकांचं पटलं. आमच्या आयेला पक्ष कुठला ते ठाऊक नव्हतं. एके दुपारी ती म्हणाली, “मी मोर्चाक जातंय, भात ष्टोवार आसा, बघ.” आणि मोर्चात उगारायला लाटणं पिशवीत घातलं. बाबा घरी आले तर पोळपाट आहे, लाटणं नाही. खूप चिडले. संध्याकाळी आये आली ती घसा बसलेला, पण चेहरा असा की बाबांनी मुकाट्याने भात वाढून घेतला. तोवर ती चाळीच्या जिन्याखाली एकटी अशी फक्त बाजारालाच जायची.

बँकेतून निवृत्त, दिंडोशी

मी ‘नागरी निवारा’ वसाहतीत राहतो. कमाल जमीन धारणा कायद्यातली जमीन बिल्डरांच्या घशात न जाता मध्यम आणि गरीब लोकांच्या घरांसाठी मिळावी, म्हणून मृणालताई आणि बाबुराव सामंत वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिले. त्यातून सुमारे ६,००० घरं उभी राहिली. लिहायला एक ओळ लागते. आमच्या घरात त्याची फाइल आहे, कापडी पाठीची, फुगलेली : पावत्या, परिपत्रकं, सभांच्या सूचना. सासरे म्हणत, पैसे बुडाले. नातेवाईक हसत. मीही मधे एकदा नाव काढून घ्यायच्या बेतात होतो. बायकोने घेऊ दिलं नाही. ती सभांना जायची आणि तिथे काय चाललंय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. सभा कंटाळवाण्या असत, हिशेब वाचून दाखवत. पण हिशेब वाचून दाखवणारे पुढारी त्यानंतर मला भेटलेले नाहीत.

कट्टर सेनेच्या घरातला

आमच्या घरातलं एकही मत त्यांना गेलं नसेल, १९७७ चं सोडून. तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा आजोबासुद्धा म्हणायचे. आणीबाणीत त्या तुरुंगात होत्या, तेवढं त्यांना पुरलं. नंतर आम्ही परत आमच्या जागी. पण गटारीचं किंवा रेशनकार्डाचं काम अडलं की आजी कुणाला न सांगता तिकडेच जायची.

स्त्रीरोगतज्ज्ञ, पुणे

गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारा कायदा देशात आधी महाराष्ट्रात झाला, १९८८ मध्ये. त्यासाठी रस्त्यावरचे गट होते, तसा विधानसभेत हा विषय लावून धरणाऱ्यांत मृणालताई होत्या. त्यांनी स्वतः डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून चळवळीत उडी घेतली होती. मी विद्यार्थिनी असताना आमच्या वसतिगृहात यावर कडाक्याची भांडणं व्हायची. ‘गिऱ्हाईकच मागतं, आपण काय करणार’ म्हणणारी मुलंही आमच्याच वर्गातली.

आयटीतली मुलगी, गोरेगाव पूर्व

मी त्यांना पाहिलेलंही नाही. माझ्यासाठी त्या म्हणजे त्यांच्या नावाचा उड्डाणपूल, आणि रिक्षावाल्याला ते नावही सांगावं लागत नाही, ‘राममंदिरचा ब्रिज’ पुरे होतं. केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या सभागृहात कार्यक्रमाला गेले तेव्हा कळलं की केशव म्हणजे त्यांचे यजमान, आणि ते १९५८ मध्येच गेले. पदरात लहान मुलगी. त्यानंतर तीन वर्षांत बाई नगरसेविका. यावर कुणी फारसं बोलत नाही.

माझा एक प्रश्न आहे, वरच्या शिक्षिकाबाईंना आणि कुडाळच्या काकांना. मोर्चातल्या बाकीच्या बायकांची नावं कुणी कुठे लिहून ठेवली आहेत का? माझी पणजी जवाहरनगरच्या बाजूला राहायची. ती मोर्चाला गेली असेल का, हे सांगणारं आता घरात कुणी नाही.