रँडम क्रॉस व्हॅलिडेशनचा आकडा नकाशाखाली छापणं आता थांबवा

भूरेखा

बरेच दिवस हे लिहायचं होतं. मशीन लर्निंगने बनवलेले नकाशे हल्ली ढिगाने येतायत, मातीतला कार्बन घ्या, जंगलाचा बायोमास (झाडाझुडपांचं एकूण वजन) घ्या, दरडीचा धोका घ्या, पद्धत साधारण एकच. जमिनीवर मोजलेले काही पॉइंट, त्यांच्यावर सॅटेलाइटचे बँड आणि उंची, उतार, पाऊस वगैरे रास्टर, म्हणजे चौकोनी पिक्सेलचे थर, मग रँडम फॉरेस्ट, म्हणजे शेकडो निर्णय-झाडांच्या उत्तरांची सरासरी घेणारं मॉडेल, मग डेटाचे रँडम दहा भाग पाडून नवावर शिकवायचं (ट्रेनिंग) नि एकावर तपासायचं (टेस्ट), हेच रँडम क्रॉस व्हॅलिडेशन, आणि जो आर स्क्वेअर, म्हणजे डेटातला किती फरक मॉडेल सांगू शकतं त्याचा ० ते १ मधला आकडा, येईल तो नकाशाखाली ठोकून द्यायचा. माझं स्पष्ट म्हणणं आहे की हा शेवटचा आकडा त्या नकाशाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही आणि रिव्ह्यूअर मंडळींनी तो चालवून घेणं बंद करावं.

कारण जुनंच आहे. भूगोलतज्ज्ञ टोबलरने १९७० मध्येच लिहून ठेवलंय की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो पण जवळच्या गोष्टींचा जास्त असतो. आता फील्डवरचे पॉइंट कधी सारखे पसरलेले असतात का? रस्ता जिथवर जातो, परवानगी जिथे मिळते, तिथे झुबके पडतात आणि मध्ये शेकडो किलोमीटर कोरडं, एकही पॉइंट नाही. असा डेटा रँडम फोडला की प्रत्येक टेस्ट पॉइंटचा सख्खा शेजारी ट्रेनिंगमध्ये बसलेला असतो, म्हणजे पेपर फुटलेलीच परीक्षा. मॉडेल पास होतं आणि मग आपण त्याला त्या कोरड्या भागात सोडतो जिथे शेजारी कुणीच नाही.

हे नुसतं तोंडाने बोलत नाहीये. २०२० मध्ये प्लोटों आणि सहकाऱ्यांनी मध्य आफ्रिकेतल्या जंगलांचा प्रचंड डेटा घेतला, एक कोटी अठरा लाख झाडं, आणि मोठ्या भागाचे बायोमास नकाशे जसे करतात तसंच मॉडेल बांधलं. नेहमीच्या रँडम पद्धतीने तपासलं तर बायोमासमधला निम्म्याहून जास्त फरक मॉडेल सांगतंय असं दिसलं. शेजारी बाजूला काढून तपासलं तर ताकद जवळपास शून्य! मॉडेल तेच, डेटा तोच.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग २०१८ चा आहे. प्रजाती कुठे आढळतात याची मॉडेल्स करताना फूरकाद आणि सहकाऱ्यांनी हवामानाच्या रास्टरच्या जागी गाजलेल्या पेंटिंग्ज ठेवल्या. चित्रातले रंग, बाकी काही नाही. आणि नेहमीच्या तपासणीत त्या मॉडेल्सनाही बऱ्याच प्रजातींसाठी चांगले गुण मिळाले. गुळगुळीत पसरलेलं काहीही दिलं की मॉडेल त्यावरून जागा ओळखतं, कारण नाही ओळखत.

म्हणून नकाशाचे ब्लॉक पाडा, तपासताना अख्खा ब्लॉक, अख्खा झुबका ट्रेनिंगच्या बाहेर ठेवा (यालाच स्पेशियल क्रॉस व्हॅलिडेशन म्हणतात), मग जो आकडा येईल तो छापा, कमी आला तर कमी.

नमुनेदार

रँडमवाला आकडा फुगतो इथवर सहमत, उपायाशी मात्र अजिबात नाही. तुम्ही एक चुकीचा आकडा काढून त्या जागी दुसरा चुकीचा आकडा बसवताय.

नकाशाची अचूकता म्हणजे काय हे आधी ठरवा ना. नकाशातल्या सगळ्या पिक्सेलवर सरासरी चूक किती, हा प्रश्न आहे. आता त्यातले पुष्कळ पिक्सेल ट्रेनिंग पॉइंटच्या जवळच असतात, तिथे मॉडेलला शेजाऱ्याचा फायदा मिळतो आणि तो फायदा खरा आहे, नकाशात तो उतरलेला आहे. तुम्ही ब्लॉक पाडून तो मुद्दाम काढून टाकता. वर अख्खा ब्लॉक काढला की कधीकधी एखादा मातीचा प्रकार किंवा उंचीचा पट्टाच ट्रेनिंगमधून गायब होतो, मग मॉडेल आपटणारच.

२०२१ मध्ये वाडू आणि मंडळींनी नेमकं हेच तपासलं. ॲमेझॉन खोऱ्याचा बायोमास नकाशा हेच सत्य धरलं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं उत्तर हातात, आणि त्यातून वेगवेगळ्या तऱ्हेने सॅम्पल काढून बघितलं. पॉइंट सगळीकडे पसरलेले असताना साधी रँडम पद्धत खऱ्या चुकीच्या जवळ आली आणि स्पेशियलवाली चूक फुगवून दाखवत राहिली. झुबके असताना रँडम पद्धत फाजील आशावादी निघाली, हे मान्य, पण म्हणून स्पेशियलवाली बरोबर ठरली असं झालं नाही. त्यांच्या शोधनिबंधाच्या नावातच लिहिलंय की स्पेशियल क्रॉस व्हॅलिडेशन ही नकाशाची अचूकता मोजायची योग्य पद्धत नव्हे.

योग्य पद्धत सर्व्हेवाल्यांना कधीपासून माहीत आहे. नकाशा झाल्यावर त्या सगळ्या क्षेत्रातून चिठ्ठ्या टाकून नवे पॉइंट निवडा, तिथे जा, मोजा. मॉडेल कसलं, शेजारी किती लांब, ऑटोकोरिलेशन (शेजारच्या जागांमधलं साम्य) किती, कशाचीच चिंता नाही.

रास्टरवाला

नमुनेदार, "तिथे जा, मोजा" हे लिहायला सोपं आहे हो. मी नकाशे करून देण्याच्या कामात आहे, आणि आमच्याकडे डेटा येतो तो दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी पंधरा वर्षांपूर्वी गोळा केलेला. नवीन पॉइंट म्हणजे माणसं, गाड्या, लॅब. ग्लोबल नकाशा असेल तर चिठ्ठीत अर्धे पॉइंट वाळवंटात नाहीतर लढाई चालू आहे तिथे पडणार, मग काय करायचं?

आणि भूरेखाताई, तुमचा ब्लॉक केवढा घ्यायचा हे कोण ठरवणार? ५ किलोमीटरचा घेतला तर आर स्क्वेअर ०.६, ५० चा घेतला तर ०.२. ज्याला जो आकडा हवा त्याने तो ब्लॉक घ्यावा, असं झालंय प्रत्यक्षात.

भूरेखा

@रास्टरवाला ब्लॉकच्या साइजचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर काम झालंय. मिला आणि सहकाऱ्यांची २०२२ ची पद्धत बघा. त्यात ब्लॉक मनाने ठरवत नाहीत. आधी बघायचं की ज्या जागांचा अंदाज करायचाय त्या प्रत्येक जागेपासून सगळ्यात जवळचा सॅम्पल किती लांब आहे, त्या अंतरांचं वितरण काढायचं. मग तपासणी करताना टेस्ट पॉइंट आणि ट्रेनिंग पॉइंट यांच्यातली अंतरंही तशीच येतील एवढे शेजारी काढायचे. पॉइंट छान पसरलेले असतील तर ही पद्धत आपोआप साध्या रँडमसारखी वागते आणि झुबके असतील तर कडक होते. नमुनेदारांच्या ॲमेझॉनवाल्या आक्षेपालाही यात बरंचसं उत्तर आहे, कारण शेजाऱ्याचा जेवढा फायदा नकाशाला खरंच मिळतो तेवढाच इथे राहतो.

आणि दुसरं म्हणजे जिथे मॉडेलला काहीच माहीत नाही तिथे रंग भरूच नका. मायर आणि पेबेस्मा यांनी २०२१ मध्ये यासाठी पद्धत दिली, प्रत्येक पिक्सेलचे गुणधर्म ट्रेनिंग डेटापासून किती वेगळे आहेत हे मोजायचं, जे गुणधर्म मॉडेलला महत्त्वाचे त्यांना वजन जास्त, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की तो पिक्सेल राखाडी. नकाशावर भोकं पडतात हे खरं, पण वापरणाऱ्याला निदान कळतं की इथे अंदाज नाहीये.

रास्टरवाला

भोकं पडलेला नकाशा कुणी घेत नाही. मागवणाऱ्याला सगळीकडे रंग लागतो.

व्हेरिओग्राम

हे सगळं वाचून वाईट वाटतं. शेजाऱ्यांचं नातं हाच मुळात स्थळाचा गुण आहे, आणि तुम्ही लोक आधी ते नातं विसरणारं मॉडेल घेता नि मग तपासणीत त्याच्याशी भांडत बसता. क्रिगने १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी हा विचार मांडला, पुढे साठच्या दशकात मातेरोंने त्याचं गणित बांधलं, तेच क्रिगिंग. व्हेरिओग्राम, म्हणजे अंतर वाढेल तसा दोन जागांमधला फरक किती वाढतो त्याचा आलेख, काढा, किती अंतरापर्यंत नातं टिकतं ते दिसतं, आणि प्रत्येक जागी अंदाजासोबत अनिश्चितताही मिळते. वेगळी राखाडी भोकं पाडायची गरजच काय, जिथे डेटा नाही तिथे व्हेरियन्स, म्हणजे ही अनिश्चितता, आपोआप वाढतो. मोठ्या डेटावर क्रिगिंग चालत नाही हे कारण पूर्वी ठीक होतं, पॉइंट दुप्पट झाले की हिशोब आठपट, पण २०११ मध्ये लिंडग्रेन, रू आणि लिंडस्ट्रॉम यांनी तेच गणित जाळीवर आणून ती अडचण बरीच सोडवली. तरी सगळे रँडम फॉरेस्टच लावतात, दोन ओळींत चालतं म्हणून.

आणि त्या रँडम फॉरेस्टला अक्षांश रेखांश फीचर (इनपुट) म्हणून देणारे तर विचारू नका. असा नकाशा झूम करून बघा एकदा. कार्बन भराभर बदलतो तो नदीवर नाही, डोंगराच्या कडेवर नाही, एका सरळ उभ्या रेषेवर. त्या रेषेच्या डावीकडे गडद, उजवीकडे फिकट, आणि जमिनीवर तिथे काहीही नाही. झाडाने रेखांशावर एक कट मारला एवढंच.

भूरेखा

सरळ रेषांबद्दल शंभर टक्के सहमत, मी रिव्ह्यू करताना पहिल्यांदा तेच शोधते. पण व्हेरियन्स आपोआप वाढतो यावर एवढा भरवसा ठेवू नका. व्हेरिओग्राम एकदा बसवला की साध्या क्रिगिंगचा व्हेरियन्स फक्त पॉइंट कुठे आहेत यावर ठरतो, तिथे प्रत्यक्षात काय मोजलं गेलं याचा त्यात भाग नसतो. सपाट मैदानात आणि तुटलेल्या डोंगराळ भागात पॉइंटची मांडणी सारखी असेल तर अनिश्चितताही सारखीच दाखवणार. हे तुम्हाला पटतं का? आणि तो व्हेरिओग्राम काढलात तोही त्याच झुबक्यांवरून ना.

व्हेरिओग्राम

एकच व्हेरिओग्राम सगळीकडे लावला तर बरोबर आहे तुमचं. पण जागेनुसार बदलणारी मॉडेल्स आहेत, वापरायला कष्ट पडतात एवढंच. निदान आमचं गृहीतक कागदावर लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवता येतं. पाचशे झाडांच्या रँडम फॉरेस्टमध्ये ते कुठे शोधणार?

दहा_मीटर

मला वाटतं तुमचा वाद दोन वर्षांत जुना होईल. आता सॅटेलाइटच्या डेटावर आधीच शिकून आलेली मॉडेल्स आहेत. २०२३ मध्ये नासा आणि आयबीएमचं प्रिथ्वी आलं, २०२५ मध्ये डीपमाइंडचं अल्फाअर्थ. त्यात जमिनीवरच्या दहा मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दर वर्षासाठी ६४ आकडे दिलेत, ऑप्टिकल, रडार वगैरे सगळं पचवून. मॉडेलने जमीन आधीच सगळीकडे बघितलेली आहे. तुम्ही थोडेसे पॉइंट द्या, त्या ६४ आकड्यांवर साधं रिग्रेशन लावा, काम झालं. जिथे डेटा नाही तो कोरडा भाग आता मॉडेलला अनोळखी राहिलेलाच नाही.

भूरेखा

वापरते मीही, आणि काम खरंच चांगलं आहे ते. पण मॉडेलने काय बघितलंय? जमीन वरून कशी दिसते ते. मातीत कार्बन किती हे नाही बघितलेलं, ते तुमच्या थोड्याशा पॉइंटवरूनच येणार आणि ते पॉइंट पुन्हा रस्त्याकडेचेच. सारखं दिसणारं गवत एका खंडात एक गोष्ट सांगतं आणि दुसऱ्या खंडात वेगळी, कारण खालचा खडक वेगळा, जमीन वापरण्याचा इतिहास वेगळा. गुडचाइल्ड आणि ली यांनी २०२१ मध्ये हेच मांडलं, एका जागी सापडलेलं नातं दुसऱ्या जागी जसंच्या तसं मिळेल ही अपेक्षाच आपल्या विषयात ढिली ठेवावी लागते. ६४ आकड्यांनी हे सुटत नाही.

उलट एक नवी अडचण होते. पूर्वी उतार, पाऊस, तापमान असं काहीतरी हातात होतं, यातलं कुठलं चुकतंय हे विचारता यायचं. आता ३७ व्या आकड्याला काय विचारणार?

दहा_मीटर

ते मान्य पण लेबल, म्हणजे जमिनीवर मोजलेली उत्तरं, कमी असताना पर्याय काय? जुन्या फीचरवर तेवढ्याच पॉइंटने त्याहून वाईट नकाशा येतो. मला हवा तो नकाशा आज उपयोगी पडणारा.

नवखी

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वाचून घाबरले. माझे पॉइंट झुबक्यांचेच आहेत, गाइड म्हणतात रँडम टेन फोल्ड टाक, सगळे टाकतात. मी नक्की काय करू? नवीन पॉइंट मोजायला फार तर थोडा निधी मिळेल.

नमुनेदार

@नवखी थोडा निधी पुरतो, घाबरू नका. लोकांना वाटतं की क्षेत्र मोठं म्हणजे पॉइंट हजारो लागतील, तसं नसतं. समजा वर्गांचा नकाशा आहे, जंगल, शेती, पाणी असा. पूर्ण क्षेत्रातून चिठ्ठ्या टाकून १०० पॉइंट निवडले आणि ८० बरोबर निघाले, तर अचूकता ८० टक्के, आठेक टक्के इकडेतिकडे. ४०० केले तर चारेक टक्के इकडेतिकडे. क्षेत्र एका तालुक्याएवढं असो की खंडाएवढं, या हिशोबाला फरक पडत नाही. अट एकच, पॉइंट चिठ्ठीनेच निवडायचे, तिथे जाणं अवघड आहे म्हणून शेजारच्या सोप्या जागी सरकायचं नाही. पोहोचताच येत नसेल तर तो भाग आधीच वेगळा काढा आणि हा आकडा त्या भागाचा नाही असं स्वच्छ लिहा. जमलं तर सोपा भाग, अवघड भाग असे थर पाडून प्रत्येकातून वेगळे पॉइंट घ्या. आणि हे पॉइंट ट्रेनिंगमध्ये टाकायचा मोह टाळा.

भूरेखा

@नवखी नमुनेदार म्हणतात ते करता आलं तर नक्की करा, त्याला तोड नाही. त्याच्या जोडीला दोन चित्रं थीसिसमध्ये घाला. एक, तुमचे पॉइंट नकाशावर जसेच्या तसे. दोन, अंतरांचे दोन आलेख एकमेकांवर, एकात नकाशातल्या जागांपासून जवळच्या सॅम्पलचं अंतर आणि दुसऱ्यात तुमच्या क्रॉस व्हॅलिडेशनमधल्या टेस्टपासून ट्रेनिंगचं अंतर. गाइडना हे दुसरं दाखवा. रँडम टेन फोल्डची टेकडी डावीकडे शून्याला चिकटलेली असेल आणि नकाशाची लांब उजवीकडे, मग वेगळं काही पटवावं लागणार नाही.

बाकी नमुनेदार, तुमच्याशी माझं भांडण शिल्लक आहे. ८० टक्के हा सगळ्या नकाशाचा आकडा झाला. वापरणारा माणूस सगळा नकाशा वापरतच नाही, तो त्याच्या एका दरीवर बोट ठेवून विचारतो की इथे किती विश्वास ठेवू. थर पाडून तुम्ही चार-पाच आकडे द्याल, तरी त्याची दरी त्यात कुठे बसते? ते सांगायला मॉडेलकडेच जावं लागतं.

नमुनेदार

जावं लागतं, मग मॉडेलचं गृहीतक खरं आहे हेही मानावं लागतं, आणि मी तिथेच थांबतो. त्या दरीत पाच पॉइंट मोजून आणा, मग बोलू.