मदत हवी आहे : गवंडीकाम करणाऱ्या दाजींना अपघाताची भरपाई फार कमी मिळाली, हायकोर्टात अपील करावं का?

नमस्कार मंडळी,

माझे दाजी गवंडी. अपघात झाला तेव्हा वय ३८. पैठण रोडला साइटवरून सायकलीवर परत येताना मागून आलेल्या कारनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याच्या वाटीचा चुरा झाला. रॉड टाकला, हाड जुळलं, पण गुडघा आता अर्धाच वाकतो. पायाचं ४० टक्के कायम अपंगत्व असल्याचा दाखला आहे.

गेल्या महिन्यात दाव्याचा निकाल लागला. उत्पन्नाचा कागद नाही म्हणून महिना ६,००० धरले, अपंगत्व ४० टक्क्यांचं २० केलं आणि वर्षाची रक्कम वयाप्रमाणे १५ नं गुणून २ लाख १६ हजार काढले. दवाखान्याचा खर्च वगैरे धरून एकूण ४ लाख १० हजार. निकालात लिहिलंय की ते बसून करायचं काम करू शकतात.

मला हेच सहन होत नाही. गवंड्याचं बसून काम म्हणजे उकिडवं बसून फरशी लावणं, आणि तेच जमत नाही. परांचीवर चढता येत नाही, घमेलं उचलून चार पावलं टाकता येत नाहीत. अपघाताआधी रोज ७०० रुपये हजेरी होती, गुत्तेदारानं तशी साक्षही दिली आहे. आता आक्का दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते तेव्हा चूल पेटते.

विमा कंपनीचे वकील म्हणतात, आणखी ५० हजार घ्या आणि लोकअदालतीत मिटवून टाका. आमच्या वकिलांचंही मन तिकडंच दिसतंय. अपिलाला किती मुदत असते? आधी पैसे भरावे लागतात का? मंजूर झालेली रक्कम उचलली तर हक्क जातो का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, लोकअदालतीत सही करण्याआधी थांबा. तिथल्या तडजोडीवर अपील होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ खाली निकालापासून ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं. मराठवाड्यासाठी ते औरंगाबाद खंडपीठात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. निकालाची प्रमाणित नक्कल आजच मागा. अपील करताना रक्कम भरण्याची अट पैसे द्यायच्या बाजूला आहे, जखमीला नाही. कोर्टात जमा झालेले पैसे उचलल्यानं वाढीव मागणीचा हक्क जात नाही, फक्त 'संपूर्ण हिशेब मिटला' अशा कागदावर सही नको.

तुमचा खरा मुद्दा अपंगत्वाचा आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईची घट एकच मानायची नाही, माणूस कोणतं काम करत होता ते पाहायचं. तिथलं उदाहरणच असं आहे की हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळपास सगळी कमाई जाते, कारकुनाची तशी जात नाही. उकिडवं बसता न येणारा गवंडी याच मापानं मोजला पाहिजे. डॉक्टरांची साक्ष झाली होती का, आणि गुडघा किती वाकतो हे तिच्यात आलं का, ते आधी तपासा. अपिलात नवा पुरावा सहज घेत नाहीत.

दुसरं, उत्पन्नात भविष्यात होणारी वाढ धरलेलीच दिसत नाही. सुप्रीम कोर्टाच्याच प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वतः कमावणाऱ्याला ४० टक्के वाढ, आणि ती जखमींनाही लागू होते हे सुप्रीम कोर्टानं नंतर स्पष्ट केलं आहे. महिना १५,००० आणि कमाईची घट ५० टक्के धरली तरी वाढीसह २१,००० गुणिले १२ गुणिले १५, त्याचे निम्मे १८ लाख ९० हजार होतात. कोर्ट एवढे देईलच असं म्हणत नाही, पण ५० हजारांवर तडजोड किती तोट्याची आहे ते कळावं. १५ चा गुणक वयाप्रमाणे बरोबरच आहे, त्यावर भांडू नका.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं ओळखपत्र कामाचा पुरावा म्हणून दाव्यात लावलं होतं का? वकिलाच्या फीची अडचण असेल तर खंडपीठातल्या विधी सेवा उपसमितीकडं अर्ज करा. अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो.

धागाकर्ती

खूप आभार दादा. ओळखपत्र लावलेलं आहे. डॉक्टरांची साक्षही झाली, गुडघा ६० अंशांपुढं वाकत नाही असं त्यात आहे. दाजी म्हणत होते कोर्टाच्या पायऱ्या पुन्हा नकोत, पण तुमचा हिशेब आक्काला वाचून दाखवला तर तिनंच निकालाची पिशवी काढून दिली. उद्या नकलेचा अर्ज देते. उपसमितीच्या अर्जासोबत कोणते कागद लागतात, तेवढं सांगाल का?