परदेशी सहकाऱ्यांशी बोलण्याचे कौशल्य दोन दिवसांच्या कार्यशाळेत येते का?

हिंजवडीकर
जपानी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या एका कंपनीत मी अकरा वर्षे आहे. नव्या मुलांना आमच्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा असते. भेटकार्ड दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे, मिळालेले कार्ड लगेच खिशात कोंबू नये, बैठकीला पाच मिनिटे आधी हजर असावे, हे सारे त्यात सांगतात आणि त्यात चुकीचे काही नाही. तरीही गेल्या वर्षी आमच्या प्रस्तावावर पलीकडचे व्यवस्थापक दातांतून श्वास आत ओढत ‘मुझुकाशी देस् ने’ म्हणाले, तेव्हा ‘अवघड आहे’ हा शब्दार्थ तेवढा धरून आमचे गटप्रमुख उत्साहाने उत्तरले, ‘अवघड असले तरी करून दाखवू!’ चौघांनी दहा दिवस खपून आराखडा केला. नकार पहिल्याच बैठकीत मिळाला होता, हे नंतर कळले. माझ्या मते कार्यशाळा बंद करून तो पैसा सरळ भाषा शिकवण्यावर घालवावा.

जुनी दुभाषी
सगळा भार भाषेवर टाकणे मला पटत नाही. जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत सर्वांत सोप्या एन-५ पासून सर्वांत अवघड एन-१ पर्यंत पाच पातळ्या आहेत. तिच्यात शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासतात, बोलण्याची परीक्षा मात्र कोणत्याच पातळीवर नाही. एन-२ उत्तीर्ण झालेली हुशार मुले फोनवर निमूट ऐकत राहतात, कारण मोठे माणूस बोलत असताना मध्ये तोंड न घालणे हा आपल्याकडचा आदर. पलीकडचा माणूस मात्र दर वाक्यागणिक ‘हाइ’, ‘नारुहोदो’ अशा हुंकाराची वाट पाहतो आणि तो आला नाही, तर ऐकू येते आहे ना, असे विचारतो. या हुंकारांना तिकडे ‘आइझुची’ म्हणतात. (आजीच्या गोष्टीला आपणही ‘हं’ म्हणत होतोच; कचेरीत ते कुठे हरवले कोण जाणे.) उलट त्यांचा प्रत्येक ‘हाइ’ म्हणजे होकार, असे समजून आपले लोक फसतात. हे व्याकरणाच्या पुस्तकातून येत नाही. कुणीतरी मुद्दाम सांगावे लागते, आणि त्यासाठी कार्यशाळा हवीच.

ओसाकाकर
मी दोघांशीही असहमत आहे. ‘जपानी माणूस असा असतो’ हे वाक्यच मला खटकते. डच संशोधक गीर्ट होफस्टेड यांनी आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यांवरून देशोदेशींच्या संस्कृतींना गुण दिले. एकाच कंपनीतील नोकरदारांवरून अख्खा देश कसा ठरवायचा, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तरी कार्यशाळांत ते तक्ते अजून दाखवतात. सहा वर्षांत मला भेटलेले ओसाकाचे व्यापारी पहिल्याच भेटीत भावावरून घासाघीस करत आणि आमच्या टोकियोच्या शाखेला त्याचा संकोच वाटे. पण तेच व्यापारी ‘विचार करून ठेवतो’ म्हणाले की विषय संपला, असे समजायचे. तक्त्यात यांना कोणत्या रकान्यात बसवणार?

कोथरूडची
शिकायचे नेहमी पैसे घेणाऱ्यानेच का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या जपानी अभियंत्याला कुणीही तयार करून पाठवले नव्हते. ‘उद्यापर्यंत होऊन जाईल’ हे तो वचन समजे आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता टेबलापाशी येऊन उभा राही. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या वहीत डोकावले, तर रोमन लिपीत ‘बघतो’ लिहून पुढे ‘नाही’ आणि मोठे प्रश्नचिन्ह काढलेले होते. नकार टाळण्याची कला आपल्याला परकी आहे, असे मानून ही सारी चर्चा चालली आहे.

हिंजवडीकर
कोथरूडच्या ताईंचा मुद्दा वर्मी लागला; आमचे गटप्रमुखही घरच्या लग्नाच्या याद्यांवर ‘बघू’ म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ सर्वांना बरोबर कळतो. ओसाकाकर, तक्ते फेकून द्यावेत हे मान्य. पण मग नव्या मुलाच्या हाती काय द्यायचे? त्या बैठकीत ‘नेमका कोणता भाग अवघड वाटतो?’ एवढे कुणी विचारले असते, तर दहा दिवस वाचले असते, आणि तेवढ्यासाठी एन-५ चे जपानीही पुरले असते. दुभाषीताई, आइझुचीचा सराव मात्र मी सोमवारपासूनच सुरू करतो. हे ‘बघतो’मधले नाही.